शाळा बंद होती, हजेरी चालू होती

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढे काढलेत. एसटीत रेंज जात असेल तर ऐकण्याऐवजी वाचून काढा.)



आजचा भाग लॉकडाऊनच्या दिवसांवर आहे. नाव ऐकूनच काही जण पुढचा भाग लावणार, मला माहीत आहे. थांबा जरा. थाळ्या, मास्क, सॅनिटायझर यातलं काही आज बोलायचं नाही. आज एकच प्रश्न घेतलाय. शाळा बंद झाल्या तेव्हा शाळांनी पोरांच्या घरांसाठी नेमकं काय केलं, आणि त्यातलं काय खरंच उपयोगी पडलं?

माझी ओळख नवीन मंडळींसाठी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक २०१९ ला सांगलीत पूर्ण केलं, नोकरी पुण्यात. घर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. मामाचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. या दोन गावांतल्या शाळांत मी जे बघितलं ते आज सांगणार आहे. गावांची आणि माणसांची नावं घेणार नाही. गोष्टीतली पोरं आता मोठी झालीत, त्यांना आपलं नाव असं फिरलेलं आवडेलच असं नाही.

माझा डॅशबोर्ड आणि बाईंची वही

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद व्हायला लागल्या. २० मार्चला तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर केलं. पोरांनी गल्लीत जल्लोष केला. २२ तारखेला जनता कर्फ्यू होता. मी आदल्या दिवशीच बाइक काढून घरी आलो होतो, दोन जीन्स आणि एक लॅपटॉप घेऊन. वाटलं, आठवडाभराचा विषय आहे.

जून आला. १५ जूनला नवीन वर्ष सुरू झालं, पण शाळेचं कुलूप तसंच. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, ४६ पोरं, दोन शिक्षक. एक सर, एक बाई. मी बाईंकडे गेलो आणि छाती फुगवून म्हणालो, “बाई, ऑनलाइन शाळेचं मी बघतो. आधी सर्वे करू.”

गूगल फॉर्म केला. प्रश्न साधा होता, घरात स्मार्टफोन आहे का? ४६ पैकी ३८ घरांनी ‘हो’ लिहिलं. मी एक डॅशबोर्ड बनवला. हिरवा रंग म्हणजे फोन आहे, लाल म्हणजे नाही. जवळजवळ सगळं हिरवं. मला वाटलं, झालं काम.

पहिल्या ऑनलाइन तासाला आली नऊ पोरं.

मी नेटवर्कला शिव्या घातल्या. बाईंनी पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, “तुमच्या तक्त्यात फोन घरात आहे. पण तो दिवसभर असतो कुठं, हे त्यात आहे का?”

वहीत रकाने होते. पोराचं नाव. फोन कुणाचा. फोन घरी किती वाजता येतो. रिचार्ज कधी संपतो. घरात वाचता कुणाला येतं. अडीअडचणीला शेजारचा नंबर कुठला.

आता यातला एकेक रकाना बघा. बापाचा फोन सकाळी डेअरीला जातो, मग रानात जातो, दिवस मावळल्यावर घरी येतो. घरात दहावीची ताई असेल तर फोन आधी तिचा. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, आणि कामच बंद असेल तर एकोणतिसाव्या दिवशी नेट बंद. आमच्या गावात रेंज येते ती देवळामागच्या माळावर. सहा वर्षांचं पोरगं पावसात माळावर कुणासोबत जाणार?

वहीप्रमाणे ३८ फोनांतले दिवसा घरी राहणारे फोन होते अकरा. म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता. फोन ‘आहे की नाही’ याला अर्थ नव्हता, ‘कधी’ याला होता. मग थेट तास बंद केले. बाई आणि सर संध्याकाळी सातनंतर दोन-तीन मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवायला लागले. पोरं जेवायच्या आधी ऐकायची, वहीत लिहायची, सकाळी फोन बापाबरोबर जायच्या आत फोटो पाठवायची. पंचवीसच्या वर पोरं यायला लागली.

आमच्या गावात घडलं तेच देशभर घडत होतं. ‘असर’ म्हणून शिक्षणाचं मोठं सर्वेक्षण होतं. त्यांच्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भारतात शाळेतली पोरं असलेल्या ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन निघाला. २०१८ ला हाच आकडा ३६.५ टक्के होता. वाढ भारीच आहे. पण त्या आकड्यात बापाच्या खिशातला फोनही मोजलेला असतो.

मामाच्या गावची पुराची वही

आता सांगली जिल्ह्यात चला. तिथं कोरोना लवकर पोचला. २३ मार्च २०२० ला इस्लामपूरमध्ये एकाच कुटुंबातले चार जण पॉझिटिव्ह निघाले आणि थोड्याच दिवसांत आकडा वीसच्या वर गेला. शहराचा तो भाग सील झाला. मामाच्या गावच्या शाळेतले बहुतेक शिक्षक इस्लामपुरात राहणारे. त्यांना गावात येता येईना आणि गावातल्यांना तिकडं जाता येईना.

पण त्या शाळेकडे एक गोष्ट तयार होती. आठच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा महापूर येऊन गेला होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मामाचं घर पाण्यात, गाव सगळं पांगलेलं. तेव्हा मुख्याध्यापकांनी एक यादी केली होती. कुठलं कुटुंब कुठल्या पाहुण्यांकडे गेलंय, त्यांचा नंबर काय, आणि तो लागला नाही तर दुसरा कुणाचा. पूर ओसरल्यावर दप्तरं आणि वह्यांची मदत आली, ती याच यादीवरून वाटली गेली.

मार्चमध्ये तीच यादी परत बाहेर निघाली. शिक्षकांनी घरं वाटून घेतली, एकेकाकडे पंधरा-वीस. पहिले पंधरा दिवस अभ्यासाचं नावसुद्धा नाही. फक्त फोन करायचा आणि विचारायचं, सगळे बरे आहात का? घरात धान्य आहे का? आजारी कुणी आहे का? मामी सांगते, “गुर्जींचा फोन आला की बरं वाटायचं बघ. कुणीतरी इचारतंय.”

हे ऐकायला साधं वाटतं. पण विचार करा, गावात प्रत्येक घराचं नाव, पोरांची वयं, फोन नंबर आणि घरची परिस्थिती हे सगळं एकत्र माहीत असलेलं दुसरं ठिकाण कुठलं? आशाताई आणि अंगणवाडी सोडली तर शाळाच.

शिधा, म्हणजे नुसता तांदूळ नव्हे

आता पोटाचा विषय. शाळा बंद म्हणजे दुपारची खिचडी बंद. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धरलेला असतो. डाळ-कडधान्य अनुक्रमे २० आणि ३० ग्रॅम.

१८ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हातात घेतला आणि राज्यांना विचारलं की शाळा बंद असताना मुलांच्या जेवणाचं काय करणार. २०१५ च्या नियमांतही सोय आहेच. शाळेच्या दिवशी जेवण देता आलं नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. मार्चअखेरीस महाराष्ट्रात ठरलं की शाळेत शिल्लक असलेला तांदूळ आणि डाळ-कडधान्य पालकांना वाटायचं. पुढंही कोरडा शिधा येत राहिला, कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम.

हिशोब करू. महिन्याला शाळेचे २५ दिवस धरले तर चौथीच्या मुलाचा तांदूळ होतो अडीच किलो आणि डाळ अर्धा किलो. सातवीच्या मुलाचा पावणेचार किलो आणि पाऊण किलो. पाच माणसांच्या घराला यात महिना जात नाही, आठवडा जातो. पण मुंबईहून काम सोडून आलेल्या घराला तो आठवडा फार मोठा होता.

साताऱ्याला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालवलं तेव्हा सगळ्या जातीधर्माची पोरं तिथं एकत्र जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी पोरांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. पोरगं उपाशी असेल तर शिकणार कसं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

पण मला शिध्यातली दुसरी गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्या कामाशी जुळते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले शेकडो सर्व्हर सांभाळतो. सगळे नीट चालू आहेत का, हे रोज उठून कोण बघणार? म्हणून प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने एक छोटासा संदेश पाठवतो, ‘मी जिवंत आहे’. त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. संदेश आला तर काही करायचं नसतं. संदेश आला नाही की उठून बघायचं.

शिधावाटप म्हणजे शाळेचा हार्टबीट होता. घरातलं कुणीतरी यायचं, पिशवी घेऊन जायचं, रजिस्टरवर सही किंवा अंगठा करायचं. आलं म्हणजे घर ठीक आहे. एखादी सही राहिली, की बाई त्या ओळीपुढं पेन्सिलनं टिंब द्यायच्या.

बारक्या

अशाच एका टिंबाची गोष्ट. त्याला आपण बारक्या म्हणू.

बारक्या तेव्हा पाचवीत. वडील नवी मुंबईत माथाडी. आमच्या सातारा जिल्ह्यातली किती माणसं तिकडं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात सगळं कुटुंब गावी आलं. बाहेरून आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचे, तसं यांनाही ठेवलं. म्हणजे बारक्या ज्या वर्गात पुढं शिकणार होता, त्याच वर्गात तो आईवडिलांबरोबर सतरंजीवर झोपत होता. बाई लांबून खिडकीतून विचारायच्या, “बारक्या, काय वाचतोस?” तो भिंतीवरचे पाढे वाचून दाखवायचा. नाव त्याचं तेव्हाच आमच्या शाळेत घातलं.

माझ्या डॅशबोर्डवर बारक्या हिरवा होता. स्मार्टफोन आहे.

ऑक्टोबरमध्ये शिधा आला. बारक्याच्या ओळीपुढं टिंब. पुढच्या वाटपाला परत टिंब. बाईंनी फोन लावला, बंद. शेजारचा नंबर लावला. तेव्हा कळलं की वडील कामासाठी परत नवी मुंबईला गेले, फोन त्यांच्याबरोबर गेला. आई पोराला घेऊन माहेरी गेली, सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. आता ती वीटभट्टीवर जाते. आणि बारक्या?

“त्यो बी जातो की तिच्यासंगं,” शेजारणीनं सांगितलं.

बाईंनी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला, जत तालुक्यात कुणाची ओळख आहे का? दोन दिवसांत त्या गावच्या गुरुजींचा नंबर मिळाला. गुरुजी स्वतः भट्टीवर गेले. आईला म्हणाले, “ताई, पोराला शिधा मिळंल आमच्याकडं. पुस्तकं पण देतो. कागदं राहू द्या, कागदाचं आमचं आम्ही बघतो.”

हे ‘कागदाचं आम्ही बघतो’ फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. कित्येक पालकांना वाटतं की दाखला नाही म्हणजे पोराला दुसऱ्या शाळेत घेणार नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये स्पष्ट आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आधी पोरगं, मग दाखला. तो दाखला आमच्या बाईंनी मागाहून पाठवला.

बारक्या लगेच भट्टी सोडून अभ्यासाला लागला, असं झालं नाही. गोष्टी अशा सरळ नसतात. काही महिने तो सकाळी आईबरोबर भट्टीवर जायचा आणि संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर बसायचा. पण त्याचं नाव कुठल्या तरी वहीत होतं आणि संध्याकाळी कुणीतरी त्याची वाट बघत होतं. यंदा तो दहावीत आहे.

हे सगळं शोधलं कुणी? माझ्या हिरव्या चौकटीनं नाही. एका पेन्सिलच्या टिंबानं.

फोनवरची शाळा: काय चाललं, काय नाही

आता अभ्यासाकडे येऊ. सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं चुकीचं होईल. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० पासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासाच्या लिंक यायच्या, त्या दीक्षा अ‍ॅपवर उघडायच्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, पहिली ते आठवीसाठी, घरातल्याच वस्तू घेऊन शिकवणारी. फोन नसलेल्या घरांना टीव्हीचा मोठा आधार झाला. नोव्हेंबरमध्ये ‘स्वाध्याय’ आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एका नंबरला मेसेज करायचा, समोरून बॉट प्रश्न विचारणार, पर्याय निवडायचा, शेवटी किती बरोबर ते सांगणार. इंजिनिअर म्हणून मला ते आवडलं. वेगळं अ‍ॅप नको, पासवर्ड नको, जे फोनमध्ये आहे त्यावरच काम.

पण बॉटला एक गोष्ट जमत नव्हती. पोरगं आलंच नाही तर ‘का आला नाहीस रे?’ हे त्याला विचारता येत नव्हतं.

ते माणसालाच जमतं. आमच्या शेजारच्याच माण तालुक्यातलं उदाहरण बघा. विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गोष्टी ऐकवल्या, त्यांना बोलतं केलं. स्मार्टफोन नको, नेट नको, बटणाचा फोन चालतो. सोलापुरात नीलमनगर ही कामगार वस्ती आहे. तिथं शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पोरं अंतर ठेवून भिंतीपाशी उभी राहून शिकायची.

जगात यावर एक चांगला अभ्यास झालाय, आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात. शाळा बंद असताना काही घरांना नुसते गणिताचे एसएमएस पाठवले आणि काही घरांना एसएमएससोबत आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसचा फारसा परिणाम दिसला नाही. ज्यांना फोनही गेला, त्यांचं गणित स्पष्ट सुधारलं. तेव्हा जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले होते आणि सगळीकडं अ‍ॅप, पोर्टल, टॅब यांची धावपळ चालली होती. आठवड्याचा एक साधा फोन त्यातल्या कित्येकांना भारी पडला.

का? माझं उत्तर असं. फोन आला की पोरगं अभ्यास करतंच, पण घरही हलतं. आई विचारते, “उद्या बाईंचा फोन आहे ना? झालं का तुझं?” शाळेनं घराला एक छोटं, जमण्यासारखं काम दिलेलं असतं. आमच्या बाई आयांना सांगायच्या, “तुम्ही शिकवू नका. तो वाचेल, तुम्ही भाकरी थापता थापता ऐका. चुकलं का बरोबर, ते मी बघते.” अक्षर न आलेल्या आईलाही हे जमतं. तिला मास्तर व्हायला सांगितलं असतं तर ती घाबरली असती.

आणि शिक्षकांना भीती नव्हती का? होती की. चेकपोस्टवर ड्यूटी, सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाणं, वर शिधावाटप. आमच्या बाईंच्या घरी सासूबाईंना दमा. त्या रोज दारातच हातपाय धुऊन, कपडे बदलून आत जायच्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या, हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. त्या वर्षी ते भाषण मला जरा वेगळं ऐकू आलं.

जिथं टिंब पडलंच नाही

आता अवघड गोष्ट. ही सांगू का नको, असं वाटत होतं.

मामाच्या गावात, मामीच्या नात्यातली एक मुलगी. २०२० च्या जूनमध्ये नववीत गेली. हुशार, आठवीपर्यंत कायम पहिल्या तिनात. आठवीपर्यंत तिच्या नावाचा शिधा यायचा. नववीत गेली आणि शिधा थांबला. कारण पोषण आहार आठवीपर्यंतच असतो.

लक्षात आलं का काय झालं? सहीच करायची नाही, तर टिंब कुठून पडणार? ऑनलाइन तासाला ती दिसत नव्हती, पण तासाला निम्मा वर्गच दिसत नव्हता. हायस्कूलला वाटलं, नेट नसेल. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली, तेव्हा यायला पालकाचं संमतीपत्र लागायचं. ती आली नाही. वाटलं, घरचे घाबरत असतील. प्रत्येक वेळी तिच्या गैरहजेरीला एक पटण्यासारखं कारण होतं.

मे २०२१ मध्ये तिचं लग्न झालं. वय सोळा पूर्ण नव्हतं. दहा-पंधरा माणसांत, दारातच. लॉकडाऊनमुळे खर्च वाचला, असं लोक म्हणाले. मला मामीकडून कळलं ते लग्न झाल्यावर.

मी त्या शाळेला दोष देत नाही. मी स्वतः त्या गावात चार वेळा जाऊन आलो होतो, मी तरी कुठं विचारलं? पण या एका मुलीनं मला या सगळ्या विषयाचा अर्थ शिकवला. जिथपर्यंत शाळेचा हात घराला महिन्यातून एकदा तरी लागत होता, तिथपर्यंत पोरं सापडली. जिथं तो हात सुटला, तिथं कुणाला कळलंही नाही.

शाळा उघडली तेव्हा

पाचवी ते आठवीची शाळा २७ जानेवारी २०२१ ला उघडली आणि दुसऱ्या लाटेत परत बंद झाली. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू झाली. योगायोग बघा, १९१९ मध्ये ४ ऑक्टोबरलाच भाऊरावांनी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली होती. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या पोरांना १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोरगं वर्गात पहिल्यांदा बसलं ते दुसरीत.

काय गमावलं, तेही सांगायला हवं. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०.५ टक्के निघाली. २०१८ ला ती २७.३ टक्के होती. वही, शिधा, फोन हे सगळं करूनही अभ्यास मागे पडला. वर्गाला पर्याय नाही. पण पोरगं परत वर्गात आलं, तरच मागचा अभ्यास भरून काढता येतो. वहीनं तेवढं काम केलं.

आमच्या शाळेत ४६ पैकी ४५ पोरं कुठल्या ना कुठल्या शाळेत परत बसली. एक कुटुंब शेवटपर्यंत सापडलं नाही. बाईंच्या वहीत ती ओळ अजून मोकळी आहे.

मग आपण काय करायचं?

तुमच्यातले बरेच जण माझ्याच वयाचे. कोणी कॉलेजात, कोणी नोकरीत. महामारी असो, पूर असो, नाहीतर उद्या दुसरं काही येवो, शाळा परत कधीतरी बंद होईल. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून चार गोष्टी.

एक, आपल्या गावच्या शाळेत जाऊन विचारा की पालकांच्या फोन नंबरांची यादी ताजी आहे का, आणि दुसरा नंबर आहे का. दुपारभराचं काम आहे, एक्सेलमध्ये करून द्या. पण रकाने शिक्षकांना विचारून ठरवा. माझ्यासारखं करू नका.

दोन, ओळखीतलं कुणी गाव बदलत असेल आणि दाखल्यापायी पोरगं घरी बसलं असेल, तर सांगा की दाखल्यावाचून प्रवेश अडत नाही.

तीन, नववी-दहावीतली मुलगी शाळेत दिसेनाशी झाली, तर कारण पटण्यासारखं असलं तरी एकदा विचारा. लग्नाचं कानावर आलं तर १०९८ हा नंबर आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी, फुकट, चोवीस तास. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना सांगता येतं.

चार, जुन्या शिक्षकांना एक फोन करा. त्या दीड वर्षात त्यांनी किती फोन केले, ते कुणी मोजलेलं नाही.

परवा गावी गेलो होतो. बाई आता दुसऱ्या शाळेत आहेत, पण वही त्यांच्याकडेच आहे. कडा कुरतडलेल्या, मुखपृष्ठावर चहाचा डाग. मी म्हणालो, “बाई, स्कॅन करून देऊ का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “द्या की. पण आधी नववीच्या पोरींची यादी करायला मदत करा. हायस्कूलच्या सरांशी बोलले मी. यंदापासून महिन्याला एक फोन त्यांनाही.”

तर सध्या माझा रविवार त्यात चाललाय. या वेळी रंग नाहीत, डॅशबोर्ड नाही. नाव, फोन कधी लागतो, शेवटचं बोलणं कधी झालं. तीन रकाने.

आजचा भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. लॉकडाऊनमध्ये तुमच्या शाळेतून कुणाचा फोन आला होता, किंवा आलाच नव्हता, ते मला आवाजी मेसेज करून सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू.

काळजी घ्या. भेटू. राम राम!